शाश्वत गतियंत्र

शाश्वत गतियंत्र : एकदा गती दिल्यानंतर बाहेरून कोणत्याही स्वरूपात ऊर्जा न घेता अखंड चालत राहील आणि त्याबरोबरच काही उपयुक्त कार्यही करील, अशा कल्पित यंत्रास शाश्वत गतियंत्र म्हणतात. पाणी उपसणे, धान्य दळणे, जड वस्तू उचलणे यांसारखी कामे माणसाच्या, जनावरांच्या, वाऱ्याच्या वा प्रवाहाच्या बळावाचून व्हावीत, ही या कल्पनेमागील प्रेरणा होय. या प्रकारच्या यंत्रांपैकी ज्यात चाकाच्या एका बाजूचे वजन गुरुत्वाकर्षणामुळे सतत अधिक राहील अशी योजना केलेली असते, ते ‘असंतुलित चाक’ सर्वांत जुने व सर्वांत अधिक वेळा मांडले गेलेले आहे. संस्कृत ज्योतिषग्रंथांत अशा चाकास ‘स्वयंवह यंत्र’ असे नाव आहे. त्याचे वर्णन सिद्धांतशिरोमणि या ग्रंथात भास्कराचार्यांनी (जन्म १११४) केले असल्यामुळे महाराष्ट्राच्या शास्त्रीय परंपरेशीही या विषयाचा निकटचा संबंध पोहोचतो.

असे यंत्र अशक्य आहे, हे भौतिकीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निर्विवादपणे प्रस्थापित केले. तरीही त्यासाठी होणारे प्रयत्न थांबलेले नाहीत. यामुळे ते का अशक्य आहे, जुन्या ग्रंथकारांनी त्याविषयी नेमके काय म्हटले आहे आणि ‘आपोआप’ चालताना दिसणाऱ्या यंत्रांमागील ऊर्जेचा स्रोत कसा ओळखावा, हे तिन्ही प्रश्न आजही महत्त्वाचे आहेत.

प्रकार : या यंत्रांचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारचे यंत्र ऊर्जा न घेता कार्य करते, म्हणजे ते ऊर्जा शून्यातून निर्माण करते. ते ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाविरुद्ध आहे. गुरुत्वाकर्षणावर चालणारी सर्व चाके या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारचे यंत्र ऊर्जा निर्माण करीत नाही. परंतु सभोवतालची हवा, समुद्राचे पाणी इत्यादींतील उष्णता घेऊन, तापमानातील फरकाचा आधार न घेता, तिचे पूर्णपणे कार्यात रूपांतर करते. हे ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाविरुद्ध आहे. ही दुसरी संज्ञा जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट (१८५३–१९३२) यांनी रूढ केली [⟶ ऊष्मागतिकी]. याशिवाय घर्षण पूर्णपणे नाहीसे झाले तर कार्य न करता नुसतेच फिरत राहील, अशा वस्तूचा काही लेखक वेगळा उल्लेख करतात. परंतु तिच्यापासून कार्य मिळत नसल्यामुळे तिला यंत्र म्हणता येत नाही.

भारतीय ग्रंथांतील स्वयंवह यंत्रे : आर्यभट (जन्म ४७६) यांनी आर्यभटीय या ग्रंथात, कालगतीबरोबर फिरणारा लाकडी गोल पारा, तेल व पाणी यांच्या साहाय्याने फिरवावा, असे सुचविले आहे. टीकाकारांच्या स्पष्टीकरणानुसार ही रचना मुळात घटीयंत्राच्या जातीची दिसते. भांड्यातील पाणी ठराविक गतीने वाहून जाते, त्यावर तरंगणारा पारा भरलेला तुंबा खाली उतरतो आणि त्याला बांधलेल्या दोरीमुळे गोल हळूहळू फिरतो. पाणी संपले की गोल थांबतो. म्हणजे येथे ‘स्वयंवह’ याचा अर्थ हात न लावता फिरणारा एवढाच असून, अनंत काळ फिरणारा असा नाही. सूर्यसिद्धांतातही स्वयंवह गोलासाठी पारा, पाणी, दोरी, तेल इत्यादी साधनांचा उल्लेख येतो व ही युक्ती गुप्त ठेवण्याविषयी सांगितलेले आढळते.

खऱ्या अर्थाने शाश्वत गती अभिप्रेत असलेल्या चाकाचे स्पष्ट वर्णन ब्रह्मगुप्त (जन्म ५९८) यांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात मिळते. हलक्या लाकडाचे चाक करावे, त्याला सारख्या अंतरावर सारख्या आकाराच्या पोकळ आऱ्या बसवाव्यात, प्रत्येक आरीत निम्मा पारा भरून तोंड बंद करावे आणि चाकाचा आस दोन आधारांवर ठेवावा. पारा एका बाजूस वर व दुसऱ्या बाजूस खाली धावतो आणि त्यामुळे चाक आपोआप फिरते, असे त्यात म्हटले आहे. आठव्या शतकातील लल्ल यांच्या शिष्यधीवृद्धिद या ग्रंथातही स्वयंवह यंत्रांचे वर्णन आहे.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०), वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धांतशिरोमणि पूर्ण केला. त्यातील ‘गोलाध्याय’ या भागात यंत्रांविषयीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या शेवटी त्यांनी तीन योजना दिल्या आहेत. पहिली ब्रह्मगुप्तांच्या चाकासारखी असून तिच्यातील पोकळ आऱ्या सरळ नसून एकाच दिशेस किंचित वळलेल्या आहेत. दुसऱ्या योजनेत चाकाच्या परिघावर खोबण कोरून ती ताडपत्र व मेण यांनी बंद करावयाची आणि तिच्या एका भागात पाणी व दुसऱ्या भागात पारा भरावयाचा, असे सांगितले आहे. तिसऱ्या योजनेत परिघावर लहान घट बांधलेले चाक असून वरच्या कुंडातून तांब्याच्या वक्रनळीने पडणारे पाणी त्या घटांत भरते व चाक फिरते.

या तिन्ही योजना सारख्या नाहीत, ही गोष्ट खुद्द भास्कराचार्यांच्या ध्यानी आली होती. ज्या यंत्राला बाहेरून काही पुरवावे लागते ते ‘सापेक्ष’ होय आणि सापेक्षतेमुळे ते कमी प्रतीचे ठरते, असा अभिप्राय त्यांनी लल्लादी पूर्वसूरींच्या यंत्रांविषयी व्यक्त केला आहे. चातुर्याने चमत्कार घडविणारी युक्ती हेच यंत्राचे खरे वैशिष्ट्य, असे ते मानतात. आजच्या दृष्टीने पाहता मूल्यमापन नेमके उलट ठरते. कुंडातील पाण्यावर चालणारे ‘सापेक्ष’ चाकच प्रत्यक्षात चालणारे असून, ते पाणचक्कीचेच एक रूप आहे. ‘निरपेक्ष’ म्हणून श्रेष्ठ मानलेली पाऱ्याची चाके मात्र चालू शकत नाहीत. तथापि बाहेरून काही घेणारे व न घेणारे असा जो भेद त्यांनी केला, तो या विषयाच्या गाभ्याला स्पर्श करणारा आहे. पुढे सहा-सात शतकांनी सिद्ध झालेला नियम याच भेदावर उभा आहे.

भास्कराचार्यांची परंपरा व पाटण येथील लेख : आपले वास्तव्य सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड या गावी असल्याचे भास्कराचार्यांनी सांगितले आहे. हे गाव कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे त्यांच्या घराण्याचा खानदेशाशी असलेला संबंध निश्चित झाला. हा लेख भाऊ दाजी लाड (मृत्यू १८७४) यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू आणि यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठास निकुंभवंशी राजाने दिलेल्या दानाची नोंद त्यात असून, त्याचा काळ इ. स. १२०७ असा येतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन हा त्या मठाचा हेतू होता.

गोलाध्यायाचे लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर महाराष्ट्रीय पंडित बापूदेव शास्त्री (१८२१–९०) यांनी तपासून शुद्ध केले व ते १८६१ मध्ये कलकत्ता येथे प्रसिद्ध झाले. त्यामुळे स्वयंवह चाकांची माहिती यूरोपीय अभ्यासकांस सहज उपलब्ध झाली. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथात प्राचीन वेधयंत्रांचा परामर्श घेतला आहे.

ही चाके प्रत्यक्षात तयार केली गेली होती काय, हा वादाचा विषय आहे. ज्योतिषग्रंथांतील घटीयंत्र, शंकू, चक्र, फलक इत्यादी यंत्रांचा वापर करून वेध घेता येतात; स्वयंवह चाकाचा वेधासाठी काहीही उपयोग नाही. चाकाचा आकार, वजन, पाऱ्याचे प्रमाण किंवा मिळणारी गती यांविषयी अनुभवातून आलेले तपशील ग्रंथांत दिसत नाहीत. खगोल अविरत फिरतो, तेव्हा त्याची प्रतिकृतीही अविरत फिरावी, या विचारातून ही कल्पना उगम पावली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. या मताप्रमाणे ती यंत्रे कारागिराची नसून विचारवंताची आहेत. उलटपक्षी, ग्रंथात वर्णन आहे म्हणून यंत्र चालतच होते आणि ती विद्या पुढे लुप्त झाली, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. परंतु चाक चालल्याचा कोणताही समकालीन पुरावा नाही आणि निसर्गनियम बाराव्या शतकात आजच्याहून वेगळे नव्हते. भास्कराचार्यांची थोरवी बीजगणित, कुट्टक व चक्रवाल या पद्धती आणि ग्रहगणित यांवर आधारलेली आहे. पाऱ्याचे चाक न चालल्याने तिला उणेपणा येत नाही.

इतर देशांतील प्रसार : पारा व वजने यांवर चालणाऱ्या चाकांच्या आकृत्या अरबी हस्तलिखितांतही आढळतात. यूरोपात इ. स. १२३० च्या सुमारास फ्रेंच वास्तुतज्ञ व्हीलार द ऑनकूर यांनी आपल्या रेखाटनवहीत विषम संख्येचे हातोडे लटकाविलेल्या चाकाचे चित्र काढले व त्याबरोबर पाऱ्याचाही उल्लेख केला. पारा व पोकळ आऱ्या यांतील साम्यावरून ही कल्पना भारतातून अरबांमार्फत यूरोपात गेली असावी, असा तर्क अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. तो बऱ्याच अभ्यासकांनी ग्राह्य मानला असला, तरी ती नेमकी कोणत्या ग्रंथाच्या द्वारे गेली हे दाखविता आलेले नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत यूरोपात पाणचक्क्या व पवनचक्क्या वेगाने पसरत होत्या. त्यामुळे तेथे या कल्पनेला खगोलाच्या प्रतिकृतीऐवजी शक्तीच्या साधनाचे रूप आले.

पीटर पेरेग्रिनस यांनी १२६९ मध्ये लोहचुंबकाने फिरणाऱ्या चाकाची योजना लिहिली. लेओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) यांनी अनेक असंतुलित चाके रेखाटून त्यांची परीक्षा केली आणि असा शोध घेणे व्यर्थ आहे या निष्कर्षास ते आले. सतराव्या शतकात रॉबर्ट फ्लड यांनी पाणचक्कीनेच पाणी पुन्हा वर चढविण्याची योजना प्रसिद्ध केली.

ऑर्फिरेअसचे चाक : या वादातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण जर्मनीतील योहान बेसलर (मृत्यू १७४५) यांचे होय. ऑर्फिरेअस हे त्यांनी स्वतः घेतलेले नाव. १७१२ पासून त्यांनी उत्तरोत्तर मोठी चाके तयार करून लोकांपुढे मांडली. १७१४ मध्ये तत्त्ववेत्ते व गणिती लायप्निट्स यांनी त्यांपैकी एक पाहिले. पुढे हेसे-कासेलचे अधिपती कार्ल यांनी त्यांना आश्रय दिला. १२ नोव्हेंबर १७१७ रोजी व्हाइसेनस्टाइन किल्ल्यातील एका खोलीत चाक ठेवून दारे मोहरबंद करण्यात आली. मध्यंतरी एकदा तपासणी करून ती पुन्हा बंद केली गेली आणि ४ जानेवारी १७१८ रोजी उघडली, तेव्हाही चाक फिरतच होते. डच भौतिकीविज्ञ व्हिलेम स्क्राव्हेसांडे यांनी १७२१ मध्ये चाकाचे बाह्य परीक्षण केले आणि त्याविषयी न्यूटन यांना पत्र लिहिले; त्यांना आसाजवळ बाहेरील जोडणी आढळली नाही.

बेसलर यांनी मोठी रक्कम मिळाल्याशिवाय आतील रचना दाखविण्यास नकार दिला आणि परीक्षणानंतर स्वतःच्या हाताने चाक मोडून टाकले. १७२७ मध्ये त्यांच्या घरातील मोलकरणीने, शेजारच्या खोलीतून माणसे चाक फिरवीत, अशी साक्ष दिली. ही साक्ष कितपत विश्वसनीय आहे याविषयी मतभेद आहेत व बेसलर यांचे काही समर्थक आजही त्यांचे रहस्य शोधीत असतात. परंतु साक्ष खरी वा खोटी ठरल्याने मुख्य प्रश्नाचा निकाल बदलत नाही. ज्या यंत्राचे अंतरंग कोणा स्वतंत्र परीक्षकास तपासू दिले नाही आणि जे दुसऱ्या कोणासही पुन्हा तयार करता आले नाही, त्यावरून निसर्गनियमाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

असंतुलित चाक का चालत नाही : चाकाच्या समर्थकांचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा असतो. उतरत्या बाजूची वजने आसापासून दूर आहेत व चढत्या बाजूची जवळ आहेत. तरफेच्या नियमानुसार दूरच्या वजनाचे परिबल अधिक, म्हणून चाक सतत फिरले पाहिजे, असा तो युक्तिवाद होय. त्यात एक गोष्ट निसटते. ज्या योजनेमुळे उतरत्या बाजूची वजने दूर जातात, त्याच योजनेमुळे त्या बाजूस वजनांची संख्या कमी होते व चढत्या बाजूस ती वाढते.

उदा., समजा एका चाकावर प्रत्येकी १ किग्रॅ.ची आठ वजने आहेत. एका क्षणी उतरत्या बाजूस तीन वजने असून त्यांची आसापासूनची आडवी अंतरे ४०, ६० व ४० सेंमी. आहेत. चढत्या बाजूस पाच वजने असून त्यांची अंतरे २०, ३५, ३०, ३५ व २० सेंमी. आहेत. दोन्ही बाजूंची बेरीज १४० येते, म्हणजे परिबले समान आहेत. काही स्थितींत एका बाजूचे परिबल किंचित अधिक भरते. तेव्हा चाक थोडे फिरते, पुढे जाते, मागे येते व अखेर ज्या स्थितीत सर्व वजनांचा गुरुत्वमध्य सर्वांत खाली असतो तेथे स्थिर होते. पूर्ण फेरीत मिळणारे एकूण कार्य शून्यच राहते.

हाच निष्कर्ष ऊर्जेच्या दृष्टीने अधिक थोडक्यात मिळतो. वस्तूची गुरुत्वाकर्षणजन्य स्थितिज ऊर्जा तिचे वजन व उंची यांवर अवलंबून असते, ती कोणत्या मार्गाने तेथे पोहोचली यावर नाही. १० किग्रॅ. वस्तुमान २ मी. खाली आले, तर सुमारे १९६ जूल कार्य मिळते. तेच वस्तुमान पुन्हा २ मी. वर नेण्यास तितकेच, १९६ जूल कार्य खर्च करावे लागते; मग ते आसाजवळून वर जावो, दुरून जावो अथवा वळणावळणाने जावो. चाक मूळ स्थितीत आले की हिशोब शून्य होतो. प्रत्यक्षात आसाचे घर्षण, हवेचा रोध व वजनांचे आघात यांसाठी प्रत्येक फेरीस काही ऊर्जा जाते. ती समजा ४ जूल असेल, तर प्रत्येक फेरीस तेवढी तूट येते आणि सुरुवातीस दिलेली गती त्या तुटीत संपून जाते.

पोकळ आऱ्यांच्या चाकात घन वजनाऐवजी पारा आहे एवढाच फरक. पाऱ्याची घनता पाण्याच्या सुमारे १३·६ पट असल्याने थोड्या जागेत मोठे वजन सामावते. पण वजन जितके मोठे तितकेच ते वर नेण्याचे कार्यही मोठे. परिघावर खोबण असलेल्या दुसऱ्या चाकाची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. खोबणीतील पारा खाली साचतो व पाणी त्याच्या वर राहते. चाक हाताने फिरविले, तरी पारा तळाशीच राहतो आणि खोबण त्याखालून सरकते. खोबण सर्वत्र सारखी वर्तुळाकार असल्यामुळे द्रवाच्या दाबाने तिच्या भिंतींवर पडणाऱ्या प्रेरणांच्या दिशा आसातून जातात. त्यांमुळे चाक फिरविणारे परिबल मुळीच निर्माण होत नाही. द्रवाच्या श्यानतेमुळे उलट गतीस विरोधच होतो.

उताराच्या पृष्ठावरील वजनांचा विचार करताना फ्लेमिश गणिती सायमन स्टीव्हिन (१५४८–१६२०) यांनी १५८६ मध्ये ही अशक्यता एका सुंदर सिद्धतेसाठी वापरली. असमान उतारांच्या त्रिकोणी ठोकळ्यावर समान गोळ्यांची बंद माळ टाकली, तर एका बाजूस अधिक गोळे असूनही ती सरकत नाही; सरकली असती तर ती कायम सरकत राहिली असती, आणि ते असंभव आहे. यावरून त्यांनी उतारावरील समतोलाचा नियम काढला. अशा रीतीने ‘शाश्वत गती नाही’ हे विधान नवे ज्ञान मिळविण्याचे साधन बनले.

नियमाची प्रस्थापना : पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये, शाश्वत गतियंत्राविषयीचे प्रस्ताव यापुढे तपासावयाचे नाहीत, असे ठरविले. या ध्यासापायी अनेक कुटुंबे धुळीस मिळाली आणि उपयुक्त कामे करू शकले असते अशा कुशल कारागिरांचा पैसा, वेळ व बुद्धी वाया गेली, असे कारणही तिने नमूद केले. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णता एंजिनाच्या विवेचनात हीच अशक्यता गृहीत धरली. यूलिउस माइअर (१८४२), जेम्स जूल (१८४३ पासूनचे प्रयोग) व हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८४७) यांच्या कार्यातून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सिद्ध झाला. घर्षणामुळे ‘नाहीशी’ होणारी गती उष्णतेच्या रूपात तितकीच शिल्लक राहते, हे जूल यांनी मोजून दाखविले. निसर्गनियम काळानुसार बदलत नाहीत, या गोष्टीतून ऊर्जेची अक्षय्यता गणिताने निष्पन्न होते, असे एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयावरून कळते. यामुळे हा नियम केवळ आजवरच्या अपयशांची बेरीज नसून भौतिकीच्या मूळ बांधणीचा भाग आहे.

उल्हास खोऱ्यातील उदाहरण : गुरुत्वाकर्षणाने चाके फिरतात, हे खोटे नाही, ती कोणाच्या खर्चाने फिरतात हा प्रश्न आहे. याचे चांगले उदाहरण कर्जत, बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या पट्ट्यातून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या खोऱ्यात मिळते. घाटमाथ्यावर पूर्ववाहिनी आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडी येथे अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून सुमारे ५०० मी. खाली, कर्जतजवळील भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्रात सोडले जाते. टाटा समूहाने उभारलेले हे केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. चाके फिरवून बाहेर पडलेले पाणी उल्हास नदीस मिळते आणि पुढे बदलापूरपासून खालच्या शहरांच्या पाणीपुरवठ्यास उपयोगी पडते.

एक घनमीटर पाणी ५०० मी. खाली आल्यास जास्तीत जास्त ४९ लक्ष जूल, म्हणजे सुमारे १·३६ किलोवॉट-तास ऊर्जा मिळते. तेच पाणी पुन्हा माथ्यावर चढवावयाचे, तर किमान तितकीच ऊर्जा लागेल. हे चढविण्याचे काम पंप करीत नाही, सूर्य करतो. त्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, मोसमी वारे ती सह्याद्रीवर आणतात आणि पाऊस पडतो. सूर्याचा हा वाटा हिशोबातून वगळला, तर भिवपुरीचे चाकही शाश्वत गतियंत्रासारखे भासेल. पावसाने ओढ दिली की त्याचे ‘सापेक्षत्व’ लगेच प्रत्ययास येते.

फ्लड यांच्या योजनेप्रमाणे खाली आलेले पाणी खरोखरच पुन्हा वर चढविणारी केंद्रेही महाराष्ट्रात आहेत. ठाणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघर येथील २५० मेगॅवॉट क्षमतेचे केंद्र २००८ मध्ये कार्यान्वित झाले. मागणी कमी असताना अन्य केंद्रांची वीज वापरून तेथे पाणी वरच्या जलाशयात चढवितात व मागणी वाढली की ते खाली सोडून वीज मिळवितात. अशा केंद्रांत चढविण्यासाठी वापरलेल्या प्रत्येक १०० एककांमागे साधारणपणे ७० ते ८० एककेच परत मिळतात. ऊर्जा साठविणे व योग्य वेळी देणे हा त्यांचा उपयोग आहे. ऊर्जा निर्माण करणे हा नव्हे.

लहान प्रमाणावर हीच गोष्ट यंत्रशाळेत दिसते. अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील कारखान्यांत पत्रा कापण्याच्या वा ठोकण्याच्या दाबयंत्रावर जड प्रचक्र बसविलेले असते. विद्युत् चलित्र बंद केल्यानंतरही ते बराच वेळ फिरते. त्याचे धारवे, म्हणजे बेअरिंगे, जितकी उत्तम तितका हा वेळ लांबतो. अननुभवी प्रेक्षकास हे आपोआप फिरणे वाटते. परंतु त्याच अवस्थेत पत्र्यावर एक-दोन ठोके मारले की प्रचक्राचा वेग झपाट्याने कमी होतो. चाक किती वेळ फिरते यापेक्षा त्याच्यापासून कार्य घेतल्यावर ते फिरते काय, ही खरी कसोटी होय.

शाश्वत भासणारी गती : काही उपकरणांत ऊर्जेचा स्रोत सहज दिसत नाही. लंडनचे जेम्स कॉक्स यांनी १७६० नंतरच्या दशकात वातावरणाच्या दाबातील चढउतारांवर चालणारे घड्याळ तयार केले. प्रकाशात ठेवलेले क्रुक्स यांचे प्रारणमापक उजेडावर फिरते. पाण्यात चोच बुडविणारा काचेचा खेळण्यातील पक्षी बाष्पीभवनाने निर्माण होणाऱ्या तापमानातील फरकावर डोलतो. अतिसंवाहकातील विद्युत् प्रवाह दीर्घकाळ टिकतो. पण त्यापासून कार्य घेताच तो क्षीण होतो. पृथ्वीचे परिवलनही अक्षय नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे दिवसाची लांबी शतकाला सुमारे २ मिलिसेकंद या प्रमाणात वाढत आहे.

कायदा व सामाजिक बाजू : भारतीय एकस्व अधिनियम, १९७० (अंमल १९७२ पासून) यातील कलम ३ (अ) प्रमाणे सुप्रस्थापित निसर्गनियमांच्या उघडपणे विरुद्ध असलेल्या शोधास एकस्व, म्हणजे पेटंट, मिळू शकत नाही. शाश्वत गतियंत्र हे या तरतुदीचे नेहमीचे उदाहरण म्हणून दिले जाते. अमेरिकेच्या एकस्व कार्यालयात सामान्यतः अर्जाबरोबर प्रतिकृती द्यावी लागत नाही. मात्र शाश्वत गतीच्या दाव्याबाबत चालती प्रतिकृती मागता येते.

अशा चाकांमागे लागणारे सर्वजण फसवे नसतात. पुष्कळदा ते कष्टाळू व हस्तकुशल कारागीर असतात. चाक ‘जवळजवळ’ चालते, घर्षण थोडे कमी केले की झाले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. वरील विवेचनावरून दिसून येते, की घर्षण शून्यावर आणले तरी चाकापासून मिळणारे कार्य शून्यच राहते; म्हणून सुधारणेने पार करता येईल असे ते अंतर नाही. या समजुतीचा फायदा घेऊन इंधनाशिवाय वीज देणाऱ्या यंत्रासाठी पैसे गोळा केले जातात, तेव्हा हानी केवळ शास्त्राची न राहता सामान्य कुटुंबांची होते. अशा दाव्याची परीक्षा करण्यास उच्च गणित लागत नाही. यंत्र सर्व बाजूंनी उघडे करावे, विजेऱ्या व बाहेरील जोडण्या काढाव्यात, त्याच्यावर मोजता येईल असा भार ठेवावा आणि दिलेली व मिळालेली ऊर्जा पुरेशा दीर्घ काळ मोजावी. या चारही अटी मान्य करून उत्तीर्ण झालेले एकही यंत्र आजवर आढळलेले नाही.

[⟶ ऊर्जा, ऊष्मागतिकी, जलविद्युत् केंद्र, भास्कराचार्य – २].